फ्लॅपर स्केट : स्कॉटलंडच्या समुद्रातला महाकाय मासा आणि त्याला वाचवायची धडपड

सागरिका

मासेमारीच्या धाग्यावर पाकटांचा विषय निघाला तेव्हा मी फ्लॅपर स्केटचा ओझरता उल्लेख केला होता. दोघातिघांनी आणखी विचारलं. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबानजवळ राहते. एकेकाळी हा मासा युरोपच्या बऱ्याच किनाऱ्यांवर होता. आता बहुतेक ठिकाणांहून तो गेला आहे, पण आमच्या समुद्रात टिकून आहे. तो इथेच का टिकला, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी मासा कसा दिसतो ते सांगते. पतंगासारखं चपटं, चौकोनी अंग, पुढे लांब टोकदार नाक, मागे काटेरी शेपूट. पाठ तपकिरी, तिच्यावर फिकट ठिपके. पूर्ण वाढलेली मादी दोन मीटरच्या पुढे जाते. १९८६ साली टोबरमोरीजवळ गळाला लागलेल्या एका फ्लॅपर स्केटचं वजन २२७ पौंड भरलं होतं, म्हणजे साधारण १०३ किलो. युरोपातला हा सगळ्यात मोठा स्केट. तळाशी राहतो, खेकडे, कोळंबीच्या जातीचे प्राणी, लहान मुशा आणि इतर मासे खातो. आमच्याकडे तो बहुतेक शंभर ते दीडशे मीटर खोल पाण्यात असतो, हिमयुगात हिमनद्यांनी कोरून ठेवलेल्या खोल दऱ्यांमध्ये.

याच्या अडचणीचं मूळ त्याच्या संथ आयुष्यात आहे. नर साधारण १८५ सेंटीमीटर झाल्यावर वयात येतो, मादी त्याहून मोठी, दोन मीटरच्या जवळ पोचल्यावर. एवढं वाढायला दहा वर्षांहून अधिक काळ जातो. मग मादी तळावर एकेक करून अंडी घालते. वर्षाला चाळीसेक, असा जुना अंदाज आहे. बांगडा किंवा कॉड लाखांनी अंडी सोडतात, त्यापुढे हा आकडा किती लहान आहे बघा. अंडं म्हणजे चामड्यासारखी जाड, काळपट पिशवी, पाव मीटरच्या आसपास लांब, चारही कोपऱ्यांना शिंगं. टाकीत वाढवलेल्या एका अंड्यातून पिल्लू बाहेर यायला ५३४ दिवस लागले. जवळजवळ दीड वर्ष म्हणा ना. तेवढा काळ ती पिशवी समुद्रतळावर दगडांच्या खाचेत पडून असते. वरून कोणी शिंपले खरवडून काढायची लोखंडी दातांची ड्रेज ओढत नेली तर पिशवीत बसलेल्या पिल्लाने करायचं काय?

आणि बाहेर आल्यावरही सुटका नाही. पिल्लू जन्मतःच इतकं रुंद असतं की ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या, जाळ्याच्या आसातून (भोकातून) निसटत नाही. बाकीच्या माशांची लहान पिल्लं आसातून निघून जातात, मोठी झाल्यावर सापडतात. याला मात्र अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून वयात येईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा वर्षं, प्रत्येक जाळं चुकवत जगावं लागतं.

याचा परिणाम काय झाला ते १९८१ साली कीथ ब्रँडर यांनी 'नेचर' मध्ये मांडलं. आयरिश समुद्रात पूर्वी सर्रास मिळणारा हा मासा तिथून नाहीसा झाल्याचं त्यांनी दाखवून दिलं. मासेमारीमुळे एखादी जात एका अख्ख्या समुद्रातून नाहीशी होऊ शकते, हे तोवर फारसं कोणी मानत नव्हतं. या माशाच्या मागे मुद्दाम कोणी लागलंही नव्हतं. लोक इतर मासे पकडत होते, हा त्यांच्याबरोबर येत होता, एवढंच.

सध्या इतकंच. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

मंजिरी

उत्तम धागा. वाचतेय. पिल्लू आसातून निसटतच नाही हा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता.

एक शंका. स्केट आणि आपलं पाकट एकच ना? की वेगळे?

प्राध्यापक

मंजिरी, मी सांगतो. अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंय.

दोघंही शार्कचे नातेवाईक, दोघांच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. दिसायलाही सारखे. पण फरक मोठे आहेत. पाकट पिल्लांना जन्म देतं, स्केट अंडी घालतो. पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो, स्केटच्या शेपटीवर लहान काट्यांची रांग असते पण डंख नसतो. शेपटीही वेगळी. पाकटाची चाबकासारखी, स्केटची जाडसर आणि टोकाशी लहान पर असलेली.

आमच्या वेळी बी.एस्सी.ला मुशीचं, म्हणजे स्कोलिओडॉनचं, विच्छेदन असायचं. ज्यांनी ते केलंय त्यांना नाकाभोवतीची ती बारीक छिद्रं आठवत असतील, जिलेटिनसारखा पदार्थ भरलेली. लोरेंझिनीच्या कुप्या. स्केटलाही त्या असतात. वाळूत दडलेल्या खेकड्याच्या स्नायूंतून निघणारी अगदी क्षीण वीज त्याला त्यांच्यातून कळते. अंधाऱ्या तळाशी डोळ्यांपेक्षा याच कामी येतात. शिवाय स्केटच्या शेपटीत स्वतःचे दुर्बळ विद्युत अवयवही असतात. ते बहुधा आपसातल्या खुणांसाठी वापरले जातात.

अंड्याबद्दल थोडी भर घालतो, कारण त्यात फार सुंदर जीवशास्त्र आहे. सुरुवातीला पिशवी चारही बाजूंनी बंद असते. गर्भ वाढला की शिंगांजवळच्या फटी उघडतात आणि समुद्राचं पाणी आत खेळू लागतं. मग गर्भ आपली शेपटी सारखी हलवत राहतो, पाणी आत-बाहेर करतो, त्यातूनच त्याला ऑक्सिजन मिळतो. पण शेपटी हलली की पाणीही हलतं, वास पसरतो आणि शिकाऱ्याला सुगावा लागतो. काही स्केट जातींवरच्या प्रयोगांत दिसलंय, की शिकाऱ्यासारखं विद्युत क्षेत्र जवळ आणलं की आतला गर्भ शेपटी थांबवतो, श्वास रोखल्यासारखा निश्चल होतो. अजून जन्मलेलाही नाही, आणि बाहेर कोण आलंय ते त्याला कळतंय.

खलाशी

सागरिकाताई, धागा आवडला. आमची बोट रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला असते. पाकट जाळ्यात आलं की आधी शेपटीचा काटा मोडायचा, मग बाकी काम. मोठी पाकटं पूर्वी जास्त यायची, हे वडील आणि काका दोघंही सांगतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्याकडे हा मासा बंदरात आणायला बंदी आहे असं ऐकलंय. पण ट्रॉलमध्ये आलेला मासा वर येईपर्यंत मेलेला असेल तर पाण्यात फेकून काय फायदा? कागदावर बंदी, समुद्रात मासा मेलेलाच. दोन, संरक्षित क्षेत्र केलं की तिथल्या मच्छीमाराने जायचं कुठे? आमच्याकडे असे निर्णय होतात तेव्हा आम्हाला शेवटी कळतं. हे मी रागाने म्हणत नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय.

सागरिका

खलाशीदादा, तुमचे दोन्ही प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारे आहेत.

पहिल्याबद्दल. युरोपीय महासंघाने २००९ पासून हा मासा बोटीवर ठेवायला आणि बंदरात उतरवायला मनाई केली. स्कॉटलंडने २०१२ मध्ये स्वतःचा आदेश काढून हौशी गळवाल्यांनाही त्यात घेतलं. म्हणजे पकडला तरी सोडायचाच. स्केटच्या बाजूने एक गोष्ट आहे. त्याला हवेची पिशवी नसते. कॉडसारखा मासा खोलातून भरभर वर आणला की आतली हवा फुगते आणि तो सोडला तरी बहुधा मरतो. स्केटचं तसं होत नाही. गळाने पकडून नीट सोडलेला स्केट परत जगतो, कारण खूण लावलेले मासे कित्येक वर्षांनंतर पुन्हा सापडले आहेत. ट्रॉलचं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे. जाळं किती तास ओढलं, शेवटच्या पिशवीत वर किती वजन पडलं, डेकवर किती वेळ राहिला, यावर सगळं अवलंबून. नुसत्या उतरवण्याच्या बंदीने मासा वाचत नाही, हे इथल्या शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. म्हणूनच जागा राखायचा विचार पुढे आला.

आता दुसरा प्रश्न, आणि याला थोडा इतिहास आहे. १८८९ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ट्रॉलिंगला मनाई होती. १९८४ साली ती उठवली. त्यानंतर खाड्यांच्या आत, अगदी गावांसमोर, ट्रॉलर आणि स्कॅलॉप नावाच्या शिंपल्यांच्या ड्रेजा आल्या. पिंजरे टाकून खेकडे आणि लँगुस्टाईन (कोळंबीच्या जातीचा प्राणी) पकडणारे लहान मच्छीमार आणि ट्रॉलरवाले यांच्यात तेव्हापासून तेढ आहे. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल.

स्केटसाठी २०१४ मध्ये 'लॉख सुनार्ट ते साउंड ऑफ जुरा' हे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झालं, सुमारे ७४१ चौरस किलोमीटरचं. २०१६ पासून तिथे तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर निर्बंध आले. काही पट्टे पूर्ण बंद, काहींत अटींसह मुभा. पिंजऱ्यांची मासेमारी चालू राहिली. त्यामुळे मच्छीमार हाकलला गेला असं सरसकट म्हणता येत नाही. पण ज्यांची बोट ट्रॉलची होती त्यांना झळ बसली, हेही खरं.

आणि तुम्ही म्हणता तसं 'शेवटी कळणं' इथेही घडलं. स्कॉटलंड सरकारने आपल्या दहा टक्के समुद्रात सगळीच मासेमारी बंद करणारी कडक संरक्षित क्षेत्रं २०२६ पर्यंत आणायचं ठरवलं होतं. बेटांवरच्या लोकांनी कडाडून विरोध केला. कुठल्या जागा, कशासाठी, हे ठरायच्या आतच टक्केवारी जाहीर झाली होती. जून २०२३ मध्ये सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. मला समुद्र राखला जावा असं मनापासून वाटतं, तरीही लोकांचा तो राग रास्त होता असंच माझं मत आहे. स्केटच्या क्षेत्राचं तसं नव्हतं. तिथे आधी मासा कुठे राहतो ते कळलं होतं, आणि ते कळलं गळवाल्यांमुळे. त्याबद्दल सविस्तर लिहिते.

सागरिका

(पुढे)

ओबान, क्रिनन, मल बेट हा पट्टा हौशी गळवाल्यांत स्केटसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. जुन्या काळी मासा किनाऱ्यावर आणून टांगायचे, वजन करायचे, फोटो काढायचे आणि टाकून द्यायचे. १९७० च्या दशकात त्यांच्यातल्याच काही जणांना हे खुपू लागलं. ग्लासगोच्या संग्रहालयाच्या मदतीने त्यांनी मासे मारण्याऐवजी खुणेचा बिल्ला लावून सोडायला सुरुवात केली. हे काम पुढे अनेक वर्षं चालू राहिलं, बरंचसं स्वतःच्या खर्चाने.

त्या बिल्ल्यांनी जे सांगितलं ते अनपेक्षित होतं. एवढा मोठा मासा, समुद्रभर फिरत असेल अशी समजूत होती. पण बिल्ल्याचे मासे पुन्हा पुन्हा त्याच भागात सापडत होते, काही तर वर्षानुवर्षं. नंतर ध्वनी सोडणारे टॅग लावून आणि तळाशी ते टिपणारी यंत्रं ठेवून पाहिलं तेव्हाही हेच दिसलं. काही मासे लांब जातात, पण बरेचसे आपल्या टापूत राहतात किंवा तिथेच परत येतात. या माहितीवरच २०१४ चं क्षेत्र आखलं गेलं. मासा जागा सोडत नसेल, तर जागा राखून मासा वाचू शकतो. माझ्या मते हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, आणि ट्यूना किंवा सुरमईला ही सोय नाही.

शेवंती

फोटोवरून मासा ओळखतात असं कुठेतरी वाचलं होतं. ते कसं? सगळे स्केट सारखेच दिसत नाहीत का? आणि ताई, तुम्ही स्वतः पाहिलाय का कधी जिवंत?

सागरिका

शेवंती, हो, पाहिलाय. इथल्या एका गळाच्या बोटीवर मोजमाप लिहून घ्यायला मदतनीस म्हणून गेले होते.

तळ सव्वाशे मीटरच्या आसपास. आमिषाला अख्खं मॅकरेल. दोर ताणला गेला तेव्हा आधी वाटलं तळाच्या दगडातच अडकला. स्केट गळाला लागला की तळाला अंग चिकटवून बसतो, आणि त्याला तिथून सोडवणं हीच खरी मेहनत. वर येताना मध्येच तो वळायचा आणि परत खाली जायचा. कमरेला पट्टा बांधलेला गळवाला प्रत्येक वेळी गुडघ्यात वाकायचा. मग हिरव्या पाण्यात खालून एक फिकट चौकोन दिसू लागला, आणि तो मोठा होतच गेला.

बोटीवर ओल्या गादीवर ठेवला. पोटाची बाजू राखाडी, तिच्यावर काळे बारीक ठिपके, जणू शाई शिंपडलेली. प्राध्यापकांनी लिहिलेली ती संवेदनेची छिद्रं हीच. अंगावर काळपट बुळबुळीत चिकटा, माझे हातमोजे आणि वहीचं पान त्याने माखलं. डोळ्यांमागची दोन छिद्रं सारखी उघडझाप करत होती. स्केट तळावर बसलेला असताना पाणी तिथूनच आत घेतो, तोंड वाळूत असतं ना. मादी होती. नर असता तर मागे दोन लांब आलिंगक (मीलनाचे अवयव) दिसले असते, आणि परांच्या कडांवर मादीला धरून ठेवायचे वाकडे काटे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी, परापासून परापर्यंत रुंदी, एवढं मोजलं. वजनकाट्याला टांगत नाहीत, त्याने आतल्या अवयवांना इजा होते. लांबी-रुंदीच्या तक्त्यावरून वजन काढतात. मग बरोबर वरून पाठीचा फोटो घेतला आणि मासा पाण्यात. सगळं काही मिनिटांत.

तो पाठीचा फोटो महत्त्वाचा. पाठीवरच्या फिकट ठिपक्यांची मांडणी प्रत्येक माशाची वेगळी असते आणि ती टिकून राहते. ओबानजवळच्या स्कॉटिश असोसिएशन फॉर मरीन सायन्स या संस्थेने आणि निसर्गसंवर्धन खात्याने मिळून 'स्केटस्पॉटर' नावाची नोंदवही चालवली आहे. गळवाले फोटो पाठवतात, तिथे जुन्या फोटोंशी जुळवून पाहतात. हजारांहून जास्त मासे त्यात वेगवेगळे ओळखले गेले आहेत. बिल्ला गळून पडू शकतो, ठिपके पडत नाहीत. शिवाय अंगाला भोक पाडायचीही गरज नाही.

जुना_वाचक

माहितीपूर्ण चर्चा. मी एका वेगळ्या बाजूने विचारतो. या माशाचं शास्त्रीय नाव मी जुन्या पुस्तकात डिप्टुरस बॅटिस असं वाचलंय आणि इंग्रजी नाव कॉमन स्केट. तुम्ही लिहिताय तो हाच का?

सागरिका

होय आणि नाही. यात एक फार मोठा घोळ दडलेला होता, आणि त्याची किंमत माशाने मोजली.

१८३७ मध्ये रिचर्ड पार्नेल यांनी स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या फर्थ ऑफ फोर्थ या खाडीतल्या माशावरून 'इंटरमीडिया' ही जात वेगळी वर्णन केली होती. १९२६ साली रॉबर्ट क्लार्क यांनी युरोपातल्या स्केटचा आढावा घेतला आणि ती बॅटिसमध्ये विलीन केली. (हे क्लार्क म्हणजे शॅकलटन यांच्या 'एन्ड्युरन्स' मोहिमेवरचे जीवशास्त्रज्ञ, बर्फात जहाज गमावून परत आलेले.) त्यानंतर ८४ वर्षं सगळे एकच जात समजून मोजत राहिले. २०१० मध्ये सामुएल इग्लेसियास आणि सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या मासळी बंदरांवर उतरलेले मासे बारकाईने तपासले तेव्हा स्पष्ट झालं की या दोन जाती आहेत. जनुकीय अभ्यासानेही तेच सांगितलं.

एक लहान, ब्लू स्केट. दीड मीटरच्या आतबाहेर थांबतो, मादी सव्वा मीटरला वयात येते, डोळ्याची कडा फिकट पिवळी. दुसरा आपला फ्लॅपर स्केट, म्हणजे पार्नेल यांचा 'इंटरमीडिया', डोळा गडद हिरवट. आता विचार करा. लहान जात लवकर वयात येते, त्यामुळे मासेमारीचा मारा थोडा जास्त सोसते. मोठी जात संपत चालली तरी एकत्र आकड्यांत लहान जात दिसत राहिली, आणि मोठी किती घसरलीय ते झाकलं गेलं. त्यात बाजारात येतात ते कातडं काढलेले नुसते पर. ते पाहून जात ओळखणं जवळपास अशक्य, त्यामुळे नोंदींत एकाच्या नावावर दुसरा जात होता.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २००६ मध्ये दोघांना एकत्र धरून अतिसंकटग्रस्त म्हटलं होतं. २०२१ मध्ये फ्लॅपर स्केटचं स्वतंत्र मूल्यमापन झालं, तोही अतिसंकटग्रस्तच ठरला.

खलाशी

ताई, सविस्तर उत्तराबद्दल आभार. गळवाल्यांची माहिती वापरली हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी कायदा आहे, चौकोनी आसाच्या जाळ्याचा नियम आहे, १ जून ते ३१ जुलै बंदी आहे. पण पाकट, मुशी, गिटार मासा कुठल्या खडपात जास्त मिळतात, पिल्लं कुठल्या महिन्यात येतात, हे तांडेलांना, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांना, तोंडपाठ असतं आणि ते लिहून घ्यायला फार थोडे लोक येतात.

एक पदार्थाचा प्रश्न. पाकट आणि मोरी (मुशी) बर्फावर नीट ठेवली नाही तर उग्र वास मारते. तुमच्या स्केटचं पण तसंच का?

प्राध्यापक

अगदी तसंच, आणि कारणही तेच. शार्क, पाकट, स्केट हे सगळे आपल्या रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवतात, म्हणजे बाहेरच्या खाऱ्या पाण्याशी तोल राहतो, अंगातलं पाणी ओढलं जात नाही. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. आइसलँडमध्ये तर मुद्दाम तसा मुरवलेला स्केट २३ डिसेंबरला खायची प्रथा आहे.

तुमच्या तांडेलांच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. आपल्याकडे २००१ साली करवत मासा, मोठा गिटार मासा धरून दहा जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या. कायदा हवाच होता. पण करवत मासा पिल्लं घालायला कुठल्या खाडीत येत होता, याची नोंद ठेवणारं कोणी असतं तर तो कायदा एखाद्या जागेला लावता आला असता.

मंजिरी

अंड्यांच्या जागा सापडल्यात का पण? मासा कुठे राहतो ते कळलं, पिल्लं कुठे होतात?

सागरिका

मंजिरी, हा अलीकडचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात आशेचा भाग.

स्काय बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या इनर साउंडमध्ये, लाँगे नावाच्या छोट्या बेटाजवळ, दगडगोट्यांच्या तळावर शंभराहून जास्त अंडी एकत्र आढळली. पाण्याचा बेताचा प्रवाह, गाळ साचत नाही, दगडांच्या खाचांत पिशव्या अडकून राहतात. प्राध्यापकांनी सांगितलं तसं आत पाणी खेळायला हवं ना, म्हणून अशीच जागा लागत असावी. १७ मार्च २०२१ ला सरकारने तातडीचे अधिकार वापरून 'रेड रॉक्स अँड लाँगे' हे संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. तिथे मासेमारी, नांगर टाकणं, डायव्हिंग, सगळंच बंद केलं. २०२३ मध्ये ते कायम झालं.

जुराच्या क्षेत्रापुढे हे अगदीच चिमुकलं. पण अंडं जवळजवळ दीड वर्ष हलूच शकत नाही, त्यामुळे इथला एक चौरस किलोमीटर इतर कुठल्याही किलोमीटरपेक्षा मोलाचा आहे. इथे कडक बंदी हवी आणि जुराच्या क्षेत्रात पिंजरेवाल्यांना मुभा हवी, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी पटतात.

जुना_वाचक

पण या सगळ्याने मासे खरोखर वाढले का? एवढा संथ मासा, २०१४ पासून अजून एक पिढीसुद्धा झाली नसेल. आपण लवकर आनंद मानतोय का?

सागरिका

तुमची सावधगिरी योग्य आहे. २०१६ नंतर जन्मलेली मादी अजून वयातही आलेली नाही, त्यामुळे खरा निकाल पुढच्या दशकात. आत्ता जे चांगलं दिसतं ते मुख्यतः आधीचे मासे मरायचे थांबल्यामुळे.

तरी एक जवळचं उदाहरण आहे. अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावर याचाच भाऊबंद बार्नडोर स्केट राहतो. १९९८ मध्ये केसी आणि मायर्स यांनी 'सायन्स' मध्ये लिहिलं की तो नामशेष व्हायच्या मार्गावर आहे. तिथे जॉर्जेस बँक या उथळ समुद्राचे मोठे पट्टे १९९४ पासून कॉड आणि हॅडॉक हे मासे वाचवण्यासाठी बंद केलेले होते. २००३ मध्ये बार्नडोर उतरवायलाही मनाई झाली. त्यानंतर तो इतका सावरला की आता मर्यादित प्रमाणात पकडायला परवानगी आहे. बार्नडोर फ्लॅपरपेक्षा लहान आणि लवकर वयात येणारा, म्हणून तेवढा वेग इथे अपेक्षू नये. पण बंद पट्टे आणि उतरवण्याची बंदी या दोन्ही गोष्टी जोडीने केल्यावर मोठा स्केट परत येऊ शकतो, हे तिथे सिद्ध झालं आहे.

शेवंती

माझी भाची अ‍ॅबरडीनला शिकायला आहे. तिला हा धागा पाठवला. ती विचारतेय, किनाऱ्यावर अशी रिकामी पिशवी सापडली तर काय करायचं?

सागरिका

तिला सांग, आधी पिशवी नीट बघायची. एका टोकाला आडवी फट उघडलेली असेल तर पिल्लू निघून गेलंय, पिशवी घरी आणली तरी चालेल. चारही बाजूंनी बंद आणि जड लागली तर जवळच्या सागरी संस्थेला कळवायचं, घरी आणायची नाही.

वाळलेली पिशवी आकसते आणि लहान दिसते, म्हणून काही तास पाण्यात भिजत ठेवायची. भिजली की मूळ मापाची होते. मग शिंगं सोडून मधल्या भागाची लांबी आणि रुंदी मोजायची, बाजूला पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. फ्लॅपरची पिशवी तिच्या आकारानेच ओळखू येते. वरून सोनेरी-तपकिरी तंतू सुटत असतात. शार्क ट्रस्टची 'ग्रेट एगकेस हंट' ही नोंदणी २००३ पासून चालू आहे, तिथे फोटो, जागा आणि तारीख टाकायची. जात ओळखता आली नाही तरी टाकायची, ते ओळखून देतात. वादळानंतरच्या ओहोटीला भरतीरेषेवरच्या शेवाळाच्या ढिगात शोधलं तर मिळायची शक्यता जास्त. उत्तरेकडे ऑर्कनीला जायचं झालं तर तिथे आवर्जून बघ म्हणावं, तिथल्या किनाऱ्यांवर फ्लॅपरच्या पिशव्या बऱ्याच येतात.